सराफ्यातलं दहापटीचं भिंग आणि कॅनडातली लांबटांगी

हे भिंग घेऊन मला सव्वा वर्ष झालं. घडी घातली की स्वतःच्याच धातूच्या कवचात जाऊन बसणारं, दहापट मोठं दाखवणारं, तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं भिंग. सराफ हिरा तपासताना डोळ्याला लावतात, तेच. त्या बाजारात त्याला आयग्लास म्हणतात. इंदूरला सराफ्याच्या मागे एक गल्ली आहे, तिथे सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या एका जुन्या दुकानातून घेतलं. एकाचे ८५० रुपये. मी दोन घेतली. एक माझ्या पर्समध्ये असतं, दुसरं लेकीबरोबर कॅनडाला गेलं.

मी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. शाळेत पन्नास मुलांमागे एक सूक्ष्मदर्शक, आणि त्याचाही आरसा तडकलेला. म्हणून निवृत्त झाल्यावर ठरवलं होतं की स्वतःचं एक चांगलं भिंग घ्यायचंच. पहिलं घेताना मात्र फसले. ऑनलाइन मागवलं, १८० रुपयांना, कवचावर ठसठशीत ‘३० एक्स’ कोरलेलं. मुंगी पाहिली तर मुंगीच्या कडेने निळी-पिवळी झालर, आणि मधला भाग सोडला तर सगळं पाण्यात बुडाल्यासारखं.

तेव्हा शाळेतला जुना प्रयोग केला. खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावला आणि भिंग कागदापासून मागे-पुढे करत खिडकीची उलटी, स्पष्ट प्रतिमा पाडली. कागद आणि भिंग यांच्यातलं अंतर पट्टीने मोजलं, ते भरलं जवळजवळ ३० मिलिमीटर. नुसत्या डोळ्याला जवळची वस्तू आरामात दिसते ते अंतर २५० मिलिमीटर धरतात. त्याला या अंतराने भागायचं, की भिंग किती पट मोठं दाखवतं ते कळतं. उत्तर आलं आठच्या आसपास. खरं तीसपट भिंग असतं तर ते अंतर आठ-साडेआठ मिलिमीटर यायला हवं होतं, म्हणजे किडा जवळजवळ काचेला टेकवूनच पाहावा लागला असता. अशी तीस, चाळीस, साठ लिहिलेली स्वस्त भिंगं बाजारात खूप आहेत. कवचावरच्या आकड्यावर जाऊ नका, खिडकी आणि पट्टी घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

सराफ्यात जायचं मला सुचलं ते शेजारच्या सोनारकाकांमुळे. ते म्हणाले, ‘ताई, आमचं पोट त्या काचेवर चालतं. तिथे खोटी काच कोण ठेवेल?’ दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी तीन वेगवेगळी आयग्लास काढून गादीवर मांडली. मी पर्समधून ग्राफ पेपरचा तुकडा काढला तशी त्यांनी दिवा पुढे सरकवला. माणूस जाणकार. ग्राफ पेपरवर भिंग धरून बघायचं ते असं: चौकटींच्या रेघा काठापर्यंत सरळ राहतात की वाकतात, आणि काळ्या रेघेला रंगाची किनार येते की नाही. पहिल्यात रेघा काठाशी धनुष्यासारख्या वाकल्या. दुसऱ्यात सरळ होत्या, पण जांभळट किनार होती. तिसऱ्यात रेघ म्हणजे रेघच. तीन काचा का जोडतात, ते त्या तिसऱ्या ग्राफमध्ये दिसलं. एकाच काचेतून गेलेला प्रकाश रंगारंगांत फुटतो आणि काठाशी विस्कटतो, जोडीच्या काचा तो परत एकत्र आणतात.

धरायचं कसं तेही त्यांनीच दाखवलं. आपण सगळे भिंग किड्याजवळ नेतो आणि डोळा लांब ठेवतो, ते चूक. भिंग डोळ्याला लावायचं, चष्म्याला टेकलं तरी चालेल. कोपर टेबलावर टेकायचे, दुसरा डोळा मिटायचा नाही, आणि दुसऱ्या हातातली वस्तू हळूहळू वर आणायची. अडीच सेंटिमीटरवर आली की एकदम सगळं उघडतं. इतकी वर्षं वर्गात मी मुलांना उलटं शिकवत आले याचं मला वाईट वाटलं. आता भेटणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते नव्याने सांगते.

दुसरं भिंग लेकीला दिलं ते नातवासाठी. तो नऊ वर्षांचा आहे. ते ब्रिटिश कोलंबियात सरे नावाच्या गावात राहतात, व्हँकूवरच्या शेजारी. घरामागे हिरवळीचा तुकडा आहे, आणि त्या तुकड्यावर माझ्या लेकीचा फार जीव.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिचा फोन आला. घराच्या भिंतीवर, दारावर, काचांवर डझनांनी ‘राक्षसी डास’ बसलेत म्हणाली. हिरवळीवर आधीच पिवळे डाग पडले होते. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं की या माश्यांच्या अळ्या गवताची मुळं खातात, औषध मारून टाक. औषधाची पिशवी तिने आणूनही ठेवली होती. मी म्हटलं, ‘थांब. आधी ती कोण आहे ते ओळखू.’

डास ती नव्हतीच. आमच्या घरात तिला लांबटांगी म्हणतात, इंग्रजीत क्रेन फ्लाय. डासासारखी दिसते पण चावत नाही, तिच्याकडे रक्त ओढायची सोंडच नाही. मोठी झालेली माशी जेमतेम काही दिवस जगते, तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. पाय इतके तकलादू की धरलं की तुटून हातात येतात, शत्रूच्या तोंडी पाय सोडून पळून जायची तिची ती रीतच आहे. मादीच्या पोटाचं टोक टोकदार असतं, ते पाहून लोक तो दंश समजतात. तो दंश नव्हे, अंडी जमिनीत खुपसायचं तिचं हत्यार आहे.

अवघड काम पुढे होतं. त्या भागात हिरवळीवर येणाऱ्या लांबटांग्यांमध्ये दोन जाती युरोपातून आलेल्या आहेत, आणि त्या बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. एक टिप्युला पॅल्युडोसा. जर्मन कीटकशास्त्रज्ञ माइगेन यांनी १८३० मध्ये तिला नाव दिलं, व्हँकूवरच्या परिसरात ती १९६५ मध्ये सापडली. दुसरी टिप्युला ओलेरासिया, हे नाव थेट लिनियसचं, सजीवांना जोडनावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या शास्त्रज्ञाचं, १७५८ मधलं. ती तिकडे बरीच नंतर पोहोचली. दोघी करड्या-तपकिरी, दोघींच्या पंखाची पुढची कड गडद. पण पॅल्युडोसाची वर्षात एकच पिढी होते, उन्हाळ्याच्या अखेरीला बाहेर पडणारी. ओलेरासियाच्या दोन होतात, एक वसंतात, एक शरदात. म्हणजे कुठली आहे ते कळलं की हिरवळ कधी तपासायची ते कळतं. माझ्या लेकीला नावाशी देणंघेणं नव्हतं, तिला तारीख हवी होती. मला दोन्ही हवं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मोबाइलने फोटो पाठवले. भिंत उत्तम आली होती, माशी धूसर. मग मी म्हटलं, खिडकीच्या चौकटीत मेलेल्या चार-पाच गोळा करा, काडेपेटीत कापूस घालून ठेवा आणि शनिवारी माझ्यासमोर बसा. इंदूरला रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळचे नऊ. नातू स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीकडे डावा खांदा करून. भिंग डोळ्याला, कोपर टेकलेले. मी इकडे वही आणि पेन घेऊन.

आधी साध्या गोष्टी. ‘पाठीवर काय दिसतंय?’ ‘आजी, व्ही आहे.’ छातीच्या वरच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, ही लांबटांगीची पहिली खूण. मग पंखांच्या मागे टाचणीच्या डोक्यासारख्या दोन दांड्या. माश्यांचे मागचे पंख आटून त्या झालेल्या असतात आणि उडताना तोल सांभाळतात. लांबटांगीत त्या इतक्या ठळक असतात की भिंगाशिवायही दिसतात. भिंगातून पाहिल्यावर तो ओरडलाच, ‘ढोल वाजवायच्या काठ्या!’

मग मिशा. पॅल्युडोसाच्या मिशीत १४ खंड, ओलेरासियाच्या १३. फरक एका खंडाचा, आणि खंड मिलिमीटरच्या अंशाएवढा. दहापटीचं भिंग आपली योग्यता दाखवतं ते इथे. नातवाने पहिल्यांदा मोजले बारा. मी विचारलं, ‘पहिला लांब खंड धरलास का? त्याच्या डोक्यावर वाटीसारखा एक आखूड खंड असतो, तो धरलास का?’ दुसरा राहिला होता. पुन्हा मोजले, तेरा. तिसऱ्यांदा त्याने युक्ती केली: मिशीखाली पांढरा कागद सरकवला, आणि मोजताना आईला म्हणाला, ‘तू फक्त आकडे म्हण, मी हो म्हणतो.’ चौदावर थांबला. शेवटचा खंड इतका बारीक की कागदाशिवाय दिसतच नव्हता.

वाळलेल्या माशीत तो टोकाचा खंड गळूनही जातो, तेव्हा तेरा मोजले म्हणून ओलेरासिया ठरत नाही. म्हणून मी आणखी दोन पुरावे मागितले. माशी उलटी कर, डोक्याच्या खालच्या बाजूला दोन डोळ्यांच्या मधली जागा बघ. ओलेरासियाचे डोळे खाली जवळजवळ एकमेकांना भिडतात, पॅल्युडोसाचे लांब राहतात. त्याने बराच वेळ पाहिलं. ‘आजी, मधे रस्ता आहे. रुंद.’ आणि मग मादी घे, पंख पोटावर सरळ ठेव. पॅल्युडोसाच्या मादीचे पंख पोटापेक्षा आखूड असतात, ती अंड्यांनी इतकी जड असते की नुकती बाहेर पडल्यावर तिला नीट उडताही येत नाही. त्याने पट्टी लावली. शरीर २४, पंख २० मिलिमीटर.

तिन्ही खुणा एकाच बाजूला. मी वहीत लिहिलं, टिप्युला पॅल्युडोसा, मादी, सरे, आणि तारीख. त्याने त्याच्या वहीत काय लिहिलं ते लेकीने मला फोटो काढून पाठवलं. जसंच्या तसं देते, कारण कीटकाचं वर्णन कसं असावं ते त्याला कोणी न शिकवता जमलंय: ‘डोकं करडं. मिशा चौदा. डोळे खाली लांब. पाठ करडी, व्ही आहे. पंख धुरकट, पुढे चॉकलेटी पट्टी. पोट पंखाबाहेर येतं, शेवट टोकदार. पाय सहा पाहिजेत, चार आहेत. भिंतीवर सापडली, उत्तरेकडच्या.’ तुटलेले पाय लिहायचे सोडले नाहीत याचं मला फार कौतुक वाटलं.

औषधाची पिशवी परत गेली. पॅल्युडोसाच्या अळ्या थंडीभर मातीत हळूहळू वाढतात आणि वसंतात जोमाने खातात, म्हणून फेब्रुवारीत मोजायचं ठरलं. त्यांनी एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन खणला. जाड कातड्याच्या, करड्या, बिनपायाच्या अळ्या निघाल्या सहा. धड हिरवळ चौरस फुटाला पंचवीसेक अळ्या सोसते, असं तिकडे धरून चालतात. पिवळे डाग अळ्यांचे नव्हते, पाणी साचण्याचे होते. तो निचरा आता जावई दुरुस्त करतायत.

नातवाने मधे एकदा विचारलं होतं, जगात एकूण किती लांबटांग्या? आजवर नोंदलेल्या जाती १५ हजारांहून जास्त. त्यातल्या सुमारे ११ हजारांची वर्णनं एकाच माणसाने लिहिली आहेत: चार्ल्स अलेक्झांडर, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ॲमहर्स्ट गावचे, जन्म १८८९, मृत्यू १९८१. पत्नी मेबल जन्मभर या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. हिमालयातल्याही कितीतरी लांबटांग्यांना नावं त्यांनीच दिली. नातू म्हणाला, ‘म्हणजे त्यांच्याकडे चांगलं भिंग असणार.’

जानेवारीत सरेतल्या भिंगाची आणखी एक परीक्षा झाली. कोवळ्या उन्हात लहान-लहान लांबटांग्यांचा थवा नाचत होता, तेही कडाक्याच्या थंडीत. दिसायला लांबटांगीच, पण डोक्याच्या माथ्यावर तीन बारीक साधे डोळे. खऱ्या लांबटांगीला ते नसतात. म्हणजे ही वेगळ्या घराण्यातली, ट्रायकोसेरा. ते तीन ठिपके माझ्या ‘३० एक्स’च्या भिंगात दिसले असते का? मुद्दाम ते जुनं भिंग इथे एका डासावर आणि घरमाशीवर लावून पाहिलं. घरमाशीला ते तीन डोळे असतात, आणि या आयग्लासमधून ते लखलखीत दिसतात. जुन्यात माथ्यावर नुसता एक डाग.

इंदूरच्या माझ्या नोंदी अजून थोड्या आहेत. गेल्या श्रावणात सिरपूर तलावाच्या काठी गवतात एक लांबटांगी मिळाली, अंग पिवळं चकचकीत, पाठीवर तीन काळे पट्टे. तीही नातवाच्या वर्णनाच्याच क्रमाने लिहिली आहे: डोकं, मिशा, पाठ, पंख, पोट, पाय. नेफ्रोटोमा या वंशापर्यंत पोहोचले, तिथे थांबले. पुढे जायचं तर नराच्या पोटाचं टोक उघडून पाहावं लागतं, आणि ते काम दहापटीचं नाही, चाळीसपटीच्या दोन डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाचं. या भिंगाची हद्द तिथे आहे. घेणाऱ्याने ती आधी माहीत करून घ्यावी.

आता तक्रारी. आयग्लासमध्ये स्वतःचा दिवा नाही, आणि डोळ्याला लावलं की आपल्याच डोक्याची सावली पडते. खिडकी बाजूला लागते, नाहीतर टेबलावरचा दिवा. बिजागरीचा स्क्रू सहा महिन्यांत ढिला होतो, माझाही झाला, लेकीचाही. चष्मेवाल्याचा बारीक पेचकस असला की घरी आवळता येतो. कवचाचा मुलामा कडेला उडालाय, त्याचं मला काही नाही. पावसाळ्यात मात्र जपा. काचांच्या सांध्यात बुरशीचं जाळं धरतं, एकदा धरलं की निघत नाही. मी औषधाच्या बाटलीतल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या साठवते आणि भिंग त्यांच्यासोबत झाकणाच्या डबीत ठेवते. काच कधी पदराने पुसायची नाही. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग चष्म्याचं मऊ कापड.

मोबाइलला लावता येतं का, असं सगळे विचारतात. येतं. कॅमेऱ्यावर टेकवून धरलं की मधे गोल चित्र येतं आणि भोवती काळं. फोटो नोंदीपुरता बरा होतो. लेकीने मोबाइलला चिमट्याने बसणारं छोटं भिंगही आणलं होतं. पंखाच्या शिरा त्यात सुरेख येतात, कारण पंख सपाट असतो. मिशी सपाट नसते, एक खंड नीट दिसला की पुढचा धूसर. डोळ्याशी धरलेल्या आयग्लासमध्ये माशी बोटभर फिरवत एकेक खंड नजरेखालून घालता येतो. मोजायचं असेल तर डोळाच हवा.

दुकानाबद्दल. सकाळी अकरानंतर जा, सराफ्यात रात्री खायला गर्दी उसळते तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. नुसतं ‘भिंग द्या’ म्हणू नका, ‘दस का आयग्लास, तीन काचवाला’ म्हणा, नाहीतर आधी साधं काढतात. ग्राफ पेपर बरोबर न्या. मालकांनी मला घाई केली नाही, पन्नास मिनिटं बसू दिलं, आणि किडे पाहायला हवंय म्हटल्यावर हसले नाहीत. उलट विचारलं, किड्याचा डोळा खरंच हिऱ्यासारखा पैलूदार असतो का. मी दुसऱ्या दिवशी एक मेलेली घरमाशी काडेपेटीतून नेऊन त्यांना त्यांच्याच आयग्लासमधून दाखवली. गादीवरचे दोन कारागीर उठून आले आणि पाळीपाळीने पाहत राहिले.

जुलैत लेक आणि नातू येतायत. त्यांच्या भिंगाचा स्क्रू त्याच दुकानात बदलून घ्यायचाय. आणि नातवाच्या वर्गातल्या मैत्रिणीला एक हवंय, तिच्याही घराच्या भिंतीवर सप्टेंबरमध्ये त्या बसतात. म्हणजे तिसरं.